मातीचा मुक्काम : हिम्मत शाह यांची भाजलेली डोकी

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी या गावाच्या नावाला एक धंदा जोडलेला आहे. रंगारी म्हणजे कापड रंगवणारा. गावाच्या नावात धंदा टिकून राहिला, पण त्या धंद्यातले एकही माणूस नावानिशी आपल्यापर्यंत आलेले नाही. रंगाऱ्यांची ही गत, तर कुंभारांचे काय सांगावे? श्रावणी अमावास्येला पोळा येतो, त्याआधी बाजारात मातीचे बैल मांडले जातात. चिमटीने दाबून काढलेले वशिंड, दोन शिंगे, चार खुंटासारखे पाय. ज्यांच्या दावणीला बैल नाही ते या बैलांची पूजा करतात, दुसऱ्या दिवशी मुले त्यांच्याशी खेळतात आणि महिन्याभरात एखादा पाय मोडून बैल उकिरड्यावर जातो. तो कोणी घडवला हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

याच तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगरात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे सापडलेली यक्षाची एक पाषाणमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, ढेरपोट्या, गालभर हसणारा असा हा यक्ष. त्याच्या हातावर एक छोटा लेख कोरलेला आहे : कण्हदास नावाच्या सोनाराने ही मूर्ती केली. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आमच्या या टापूत एक कारागीर दगडावर आपले नाव घालून गेला, आणि तोही मूळचा पाथरवट नव्हे, तर सोनार. एका माध्यमातला माणूस दुसऱ्या माध्यमात शिरला आणि सही करून मोकळा झाला. मातीवर अशी सही कधी आली? मातीत काम करणारा माणूस 'शिल्पकार' म्हणून केव्हा ओळखला जाऊ लागला? हा प्रश्न घेऊन आम्ही हिम्मत शाह यांच्या कारकिर्दीकडे पाहणार आहोत. ते मराठी नव्हते. त्यांचा जन्म गुजरातेतला, शिक्षणाचा काही काळ मुंबईत गेला, हयात दिल्लीत आणि अखेरची वर्षे जयपुरात. पण भाजलेल्या मातीला स्वतंत्र शिल्पाचा मान मिळवून देण्यासाठी ज्यांनी आयुष्य खर्ची घातले, अशा भारतीय कलावंतांत त्यांचे नाव पहिल्या काहींत येते, आणि त्यांची शिल्पे पाहताना आम्हांला राहून राहून मराठवाड्याचीच आठवण होते. का, ते पुढे सांगू.

आधी मुंबईकडे वळले पाहिजे. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. पहिल्या काही दशकांत तिथे मातीला दोन वेगवेगळ्या वाटांनी प्रवेश मिळाला. एक वाट जॉर्ज विल्किन्स टेरी या शिक्षकाची. १८७० नंतरच्या दशकात त्यांनी मातीची झिलईदार भांडी करण्याचा उद्योग उभारला. 'वंडरलँड आर्ट पॉटरी' या नावाने तो ओळखला जाई. त्याच सुमारास जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करीत होते, आणि त्या नकलांतले आकृतिबंध या भांड्यांवर उतरू लागले. अजिंठ्याच्या भिंतीवरचे हत्ती-हंस मुंबईच्या सुरयांवर जाऊन बसले आणि तिथून विलायतेतल्या दिवाणखान्यांत गेले! ही भांडी देखणी होती, परंतु तिथे मातीचे काम चित्राला पाठ देण्याचे होते. पाहायचे ते चित्र. माती हे त्याचे पाठफळकूट.

दुसरी वाट शिल्पवर्गाची. तिथे माती रोजची होती, पण तिचा मुक्काम कधीच नसे. विद्यार्थ्याने मातीत व्यक्तिशिल्प घडवायचे, त्यावरून साचा काढायचा, प्लास्टरमध्ये प्रत घ्यायची, आणि नशीब उघडले व कोणी संस्थानिक वा नगरपालिका पुढे आली, तर ते ब्राँझमध्ये किंवा संगमरवरात न्यायचे. गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी', जिच्यामुळे एका तरुण मराठी शिल्पकाराचे नाव देशभर झाले, ती प्लास्टरमधली. साचा निघाला की माती पुन्हा पिंपात. माती म्हणजे शिल्पाचा कच्चा खर्डा, असा हा शास्त्रशुद्ध संस्कार होता.

मराठी घरात तर हा संस्कार त्याहून जुना आहे. शाडूचा गणपती ही आपल्याकडची सर्वांत लोकप्रिय मृत्तिकामूर्ती. ती न भाजलेली असते आणि तशी ती असावी लागते, कारण तिला पाण्यात विरघळायचे असते. माती टिकू नये, हाच तिथे धर्म. तेव्हा 'मातीचे शिल्प विकत घेऊन घरात पिढ्यान्‌पिढ्या ठेवा' असे कोणी म्हटले तर आपला सहज प्रतिसाद थोडा साशंक असतो, आणि त्यात नवल नाही.

हिम्मत शाह यांचा जन्म २२ जुलै १९३३ रोजी लोथल येथे, एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. या एका तपशिलाने त्यांच्याविषयीच्या लेखनाचे फार नुकसान केले आहे असे आमचे मत आहे. लोथल म्हटले की हडप्पा, हडप्पा म्हटले की मृण्मूर्ती, आणि मग हा शिल्पकार म्हणजे चार हजार वर्षांच्या मातीचा वारस, अशी साखळी आपोआप तयार होते. साखळी सुंदर आहे, पण तारखा तपासल्या की ढिली पडते. पुरातत्त्व खात्याच्या एस. आर. राव यांनी लोथलचे हडप्पाकालीन स्थळ १९५४ साली शोधले आणि उत्खनन १९५५ मध्ये सुरू झाले. तोवर हिम्मत शाह विशीत पोचले होते आणि गाव मागे पडले होते. त्यांच्या बालपणी तिथे टेकाड होते, टेकाडावर खापऱ्या असतील, पण 'हडप्पा' नव्हता. वारसा रक्तातून उतरतो हे म्हणणे सोपे असते. तो कष्टाने, शिकून, नाकारून आणि पुन्हा उचलून मिळवावा लागतो, हे सांगायला जरा जास्त पाने लागतात. शाह यांच्या बाबतीत ही पाने फार रंजक आहेत.

घरच्या व्यापारात न रमलेला हा मुलगा भावनगरच्या 'घरशाळे'त आला. ही राष्ट्रीय शिक्षणाच्या ध्येयाने चालवलेली शाळा, आणि तिथे त्यांना जगुभाई शाह हे चित्रकलेचे शिक्षक लाभले. पुढे काही काळ मुंबईच्या जे. जे. त आणि मग १९५६ पासून बडोद्याला. सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठातील ललित कला शाखा त्या वेळी देशातले सर्वांत मोकळे कलाशिक्षण देत होती. चित्रकलेचे प्रमुख होते नारायण श्रीधर बेंद्रे, इंदुरात वाढलेले मराठी चित्रकार. त्यांच्या हाताखाली घडलेल्या विद्यार्थ्यांची यादी हा आधुनिक भारतीय कलेच्या इतिहासातला एक अध्यायच होईल. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. शाह बडोद्याला चित्रकार म्हणून शिकले. व्यक्तिशिल्प, साचा, प्लास्टर हा शिल्पवर्गाचा शिरस्ता त्यांच्या अंगवळणी पडला नव्हता. मातीला पायरी समजण्याची सवयच त्यांना लागली नाही. पितळखोऱ्याच्या सोनाराप्रमाणे तेही दुसऱ्या दारातून शिल्पात आले.

चित्रकार म्हणून त्यांचे बस्तान चांगले बसत होते. ललित कला अकादमीचे राष्ट्रीय पारितोषिक १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६२ मध्ये त्यांना मिळाले. १९६२ च्या ऑगस्टमध्ये भावनगर येथे काही तरुण चित्रकार-शिल्पकार एका मित्राच्या घरी जमले. त्या घराचा क्रमांक १८९०, म्हणून समूहाचे नावही 'ग्रुप १८९०'. जगदीश स्वामिनाथन, जेराम पटेल, गुलाम मोहम्मद शेख, ज्योती भट्ट, राघव कनेरिया, हिम्मत शाह. आणि मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे असे अंबादास, मूळचे अकोल्याचे. बंगाली पुनरुज्जीवनवाद नको आणि युरोपाची उसनी आधुनिकताही नको, असा या मंडळींचा पवित्रा होता. त्यांचे एकमेव प्रदर्शन १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत झाले. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले आणि पुस्तिकेची प्रस्तावना मेक्सिकोचे तत्कालीन राजदूत, कवी ऑक्टाव्हियो पाझ यांनी लिहिली. एवढा थाट करून समूह विसर्जित झाला. असो.

त्या काळात शाह जळक्या कागदाची चित्रे करीत होते. कागदाला विस्तवाने भोके पाडायची, कडा करपवायच्या, राख आणि काजळी यांनाच रंग मानायचे. त्यांच्या शिल्पांविषयी लिहिणारे पुष्कळदा ही चित्रे तरुणपणाची खोड म्हणून ओलांडून जातात. आम्हांला ती कळीची वाटतात. अग्नी हे साधन त्यांच्या हाती आले ते मातीच्या आधी. विस्तव नेमका किती वेळ टेकवायचा, कुठे उचलायचा, पदार्थ किती सोसतो आणि केव्हा दगा देतो, ही जाण त्यांना कागदाने दिली. कुंभाराच्या मुलाला ती आव्याजवळ बसून मिळते.

१९६७ च्या सुमारास फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले आणि हेटर यांच्या 'अतेलिए १७' या मुद्राचित्रण-कार्यशाळेत काही काळ काम केले. परत आल्यावर अहमदाबादच्या सेंट झेवियर्स शाळेच्या भिंतींवर त्यांनी विटा, सिमेंट आणि काँक्रीट यांची प्रचंड उठावशिल्पे उभारली. हे काम १९७१ पर्यंत चालले. वीट म्हणजे साच्यातून काढून भाजलेली मातीच. तिची घडण, तिची करकरीत कड, उन्हात पडणारी तिची सावली हे सर्व त्यांनी तिथे आजमावले. कागद, मग वीट. आता माती दूर नव्हती.

दिल्लीत ललित कला अकादमीने १९७६ साली गढी येथे कलावंतांसाठी कार्यशाळा सुरू केल्या. एका जुन्या गढीच्या आवारात खोल्या, भट्ट्या, मुद्रणयंत्रे, आणि भाडे कलावंताला परवडेल असे. शाह तिथे आले आणि पुढली दोन दशकांहून अधिक काळ बहुतांशी मातीतच राहिले. हीच त्यांच्या कारकिर्दीची खरी खोली आहे. बाहेरून पाहिले तर या वर्षांत फारसे काही घडत नाही. बाजार नाही, गाजावाजा नाही, ओढग्रस्त मात्र आहे. आत एक माणूस रोज माती मळतो आहे.

आता जरा मातीविषयी. टेराकोटा हा इटालियन शब्द, अर्थ भाजलेली माती. साध्या लाल-पिवळ्या मातीची वस्तू सुमारे आठशे ते हजार अंश सेल्सिअसला भाजली की ती पुन्हा चिखल होत नाही, पण तिची छिद्रेही पूर्ण बुजत नाहीत. म्हणून तर माठातले पाणी गार होते. त्याच्या पुढे, बाराशे अंशांवर, विशिष्ट मातीचे पात्र दगडासारखे घट्ट होते. आपला कुंभार मातीत गाढवाची लीद किंवा राख मिसळतो. ती जळून गेली की मातीला श्वास घ्यायला जागा राहते. पातळ मडके भाजणे एक, आणि वेगवेगळ्या जाडीचे माणसाचे डोके भाजणे वेगळे. नाक जाड, गाल पातळ, मान आणखी वेगळी. सुकताना प्रत्येक भाग आपापल्या गतीने आकसतो आणि जिथे गती जुळत नाहीत तिथे तडा जातो. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि डोके फुटते. म्हणून शिल्प आतून पोकळ ठेवायचे, भिंतीची जाडी सारखी राखायची, आठवडेच्या आठवडे सावलीत सुकवायचे. एवढे करूनही भट्टी उघडेपर्यंत काय झाले ते कळत नाही. प्लास्टर-ब्राँझच्या वाटेवर शिल्पकाराला चूक सुधारण्याच्या अनेक संधी असतात. इथे ती एकच, आणि तीही आगीच्या हाती.

या वर्षांत शाह यांनी डोकी घडवली. त्यांना व्यक्तिशिल्पे म्हणता येत नाही, कारण ती कोणाची नाहीत. लांबट, उभट चेहरे. मानेपाशी सरळ छाटलेले. डोळ्याच्या जागी कधी खाच, कधी नुसता दाबलेला खळगा. गालावरून कपाळाकडे कोरत नेलेल्या रेषा, जणू नांगरट. कुठे हत्याराचा ठसा तसाच ठेवलेला, कुठे पृष्ठभाग घासून गोटा केलेला. काहींवर चांदीचा किंवा सोन्याचा वर्ख. डोक्यांच्या सोबतीला बाटल्या, पेले, ठोकळे अशा रोजच्या वस्तू, मातीत पुन्हा जन्मलेल्या. डोके आणि बाटली यांत ते फार फरक करीत नाहीत हे पाहता पाहता लक्षात येते. दोन्ही पोकळ, दोन्हींना मान, दोन्हींत काही साठवलेले.

आणि इथे आम्हांला तेर आठवते. धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेच्या काठचे, पेरिप्लसमध्ये तगर म्हणून उल्लेखिलेले तेर. संत गोरोबाकाकांचे गाव. गोरोबांची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. मुक्ताबाईने विचारले, यांतली पक्की मडकी कोणती, कच्ची कोणती? गोरोबांनी थापटणे उचलले आणि जमलेल्या संतांच्या डोक्यांवर एकेक करून हाणले. बाकीचे गप्प बसले, नामदेव कुरकुरले, आणि निकाल लागला : हे मडके कच्चे. डोके म्हणजे मडके, आणि ते भाजलेले आहे की नाही हे आवाजावरून ओळखायचे, ही प्रतिमा एखाद्या कवीने बसून रचलेली नाही. ती कुंभाराच्या हाताला माहीत असलेली गोष्ट आहे. हिम्मत शाह यांना ही कथा ठाऊक होती की नाही याच्याशी आम्हांला कर्तव्य नाही. त्यांच्या डोक्यांसमोर उभे राहिल्यावर मात्र टिचकी मारून पाहावे असे बोटांना वाटते.

तेरशी दुसरेही नाते आहे. तिथे आणि पैठणला सातवाहन काळातील मृण्मूर्ती मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. तेरला चापेकरांनी १९५८ च्या सुमारास रीतसर उत्खनन केले. यांतल्या केओलीन या पांढुरक्या मातीच्या मूर्ती दोन साच्यांत दाबून, दोन अर्धे जोडून, आतून पोकळ अशा केल्या आहेत. केशरचना, कर्णभूषणे, ओठांची मुरड इतकी रेखीव की बोटभर चेहऱ्यावरून शतक ओळखावे. स्टेला क्रामरिश यांनी १९३९ साली भारतीय मृण्मूर्तींवर लिहिताना त्यांची दोन कुळे सांगितली : एक कालातीत, हाताने चिमटून केलेली, जी हजारो वर्षे जवळजवळ तशीच राहते, आणि दुसरे काळाने बांधलेले, साच्यातले, ज्यावर त्या त्या युगाची फॅशन उमटते. आमचा पोळ्याचा बैल पहिल्या कुळातला, तेरची सुंदरी दुसऱ्या.

हिम्मत शाह यांचे डोके कोणत्या कुळातले? वरवर पाहता पहिल्या, आणि समीक्षकांनी बहुधा तसेच म्हटले आहे : आदिम, सनातन, उत्खननातून निघाल्यासारखे. आम्हांला हे पटत नाही. पोळ्याचा बैल करणाऱ्याला दुसरा बैल करता येतो की नाही हा प्रश्न पडत नाही. शाह यांनी बेंद्र्यांचा वर्ग पाहिला होता, पॅरिस पाहिले होते, यंत्रयुगाचे काँक्रीट हाताळले होते. त्यांच्या डोक्यावरचे प्रत्येक मौन जाणून ठेवलेले आहे. नाक कुठे थांबवायचे आणि तोंड का उघडायचे नाही, हे निर्णय विसाव्या शतकातल्या एका एकट्या माणसाचे आहेत. ती डोकी काळाने बांधलेलीच आहेत. आपण त्या काळातच राहत असल्याने तो आपल्याला दिसत नाही, इतकेच.

तुलनेसाठी बडोद्याच्याच ज्योत्स्ना भट्ट यांचे नाव घ्यावे लागेल. जन्म १९४० चा, कच्छमधल्या मांडवीचा. त्याही आधी जे. जे. त काही काळ राहून बडोद्याला आल्या, शंखो चौधरी यांच्याकडे शिल्पकला शिकल्या आणि पुढे अमेरिकेत, ब्रुकलिनला, सिरॅमिकचे शिक्षण घेतले. त्यांनी बडोद्याला सुमारे तीन दशके शिकवले आणि डब्या, तबके, कमळकळ्या, वेटोळे करून बसलेली मांजरे असे जग अतिशय सौम्य झिलयांत उभे केले. ११ जुलै २०२० रोजी त्या गेल्या. भांडे आणि शिल्प यांतली भिंत त्यांनी कसलीही घोषणा न करता काढून टाकली. शाह यांची माती एकांतातली. भट्टबाईंची घरातली, वर्गातली, चार विद्यार्थ्यांच्या गराड्यातली. आपल्या कलेतिहासाला एकांताचे आकर्षण अधिक, म्हणून शाह यांच्याविषयी जास्त लिहिले गेले. हा लेखही त्या दोषातून सुटलेला नाही.

२००० च्या सुमारास शाह जयपूरला गेले आणि तिथे त्यांनी स्वतःची कार्यशाळा उभारली. मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान २००३ मध्ये मिळाला. याच काळात त्यांची डोकी ब्राँझमध्ये ओतली जाऊ लागली. आणि इथे, आमच्या मते, या कारकिर्दीतला सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या माणसाने माती हा मुक्काम आहे हे दाखवण्यासाठी वीस-पंचवीस वर्षे दिली, त्याची माती शेवटी पुन्हा पायरीच झाली काय? ब्राँझ फुटत नाही, परदेशी पाठवता येते, त्याच्या ठरावीक संख्येने प्रती निघतात. संग्राहकाला हवे ते सारे त्यात आहे. कलावंताला उतारवयात चार पैसे मिळाले याचा राग धरण्याचा हक्क कोणालाच नाही, आम्हांला तर नाहीच. ती ब्राँझशिल्पे भक्कम आहेत, बोटांचे दाब, पात्याच्या चिरा, शिवणी सर्व त्यांत उतरले आहे. पण भाजलेली माती प्रकाश शोषून घेते आणि ब्राँझ तो परतवून लावते. डोळ्यांच्या खाचेतला अंधार मातीत मऊ असतो, धातूत कडक होतो. एकच डोके दोन्हींत पाहिले तर धातूतले आपल्याकडे पाहत असते, मातीतले स्वतःच्या आत.

२०१६ साली दिल्लीच्या किरण नाडर कला संग्रहालयाने 'हॅमर ऑन द स्क्वेअर' या नावाने त्यांचे सिंहावलोकनपर प्रदर्शन भरवले. रेखाटने, माती, ब्राँझ सारे एकत्र आले. त्यानंतर दोन वर्षांनी जयपुरातच, जवाहर कला केंद्रात, भारतातले पहिले सिरॅमिक्स त्रैवार्षिक प्रदर्शन भरले. मातीत काम करणाऱ्यांना स्वतंत्र राष्ट्रीय व्यासपीठ मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. हिम्मत शाह यांचे २ मार्च २०२५ रोजी जयपूर येथे निधन झाले.

तेरच्या मृण्मूर्ती पाहायच्या असतील तर तेरलाच जावे. बऱ्याचशा भंगलेल्या आहेत. जिथे जोड कमजोर असतो तिथे, म्हणजे मानेवर, त्या तुटल्या आहेत, आणि उरली आहेत ती डोकी. साचा करणाऱ्याचे नाव त्यांपैकी कशावरही नाही. संग्रहालयाला नाव आहे ते रामलिंगप्पा लामतुरे यांचे. तेरच्या पांढरीतून वर येणारे हे तुकडे त्यांनी गोळा केले आणि जपून ठेवले.